अण्णांच्या घशातला हेलियम

अण्णांना बाहेर सगळे ‘भोंगा’ म्हणत. अर्थात तोंडावर नाही, त्यांची पाठ वळल्यावर. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मैदानाच्या एका टोकाला उभे राहून ते “शिडी लाव!” असं गरजले, की दुसऱ्या टोकाच्या शिडीला पाय फुटत. निवृत्तीनंतर मैदान सुटलं आणि तो आवाज घरी राहायला आला. चहा हवा असला तरी हुकूम, खिडकी लावायची असली तरी हुकूम. “चष्मा कुठाय?” अशी आरोळी उठली, की भिंतीपलीकडचे शेजारीसुद्धा आपापले चष्मे चाचपून बघत.

त्यांची सून शाळेत विज्ञान शिकवायची. अण्णा तिला नावाने हाक न मारता ‘मास्तरीण’ म्हणत. त्या आवाजाला ती कधी बिचकली नाही. तिच्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत त्याहून मोठा गोंधळ घालत. पण एक गोष्ट तिला खुपायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी सासऱ्यांच्या तोंडून हुकूम सोडून मनातलं असं एकही वाक्य तिने ऐकलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. ती आजारी पडली तेव्हा दाराबाहेर उभं राहून “औषध घे!” असं दरडावून गेला होता. माया होती, पण तीही कवायतीतच.

अण्णांच्या गळ्यावर एक गाठ होती. आधी लिंबाएवढी होती, मग हळूहळू संत्र्याएवढी झाली. गलगंड आहे, डॉक्टरला दाखवा, असं घरातल्या प्रत्येकाने सांगून पाहिलं. अण्णांनी उंच गळपट्टीचे स्वेटर घालायला सुरुवात केली आणि विषय मिटवला. “गाठ माझी आहे. माझं मी बघून घेईन.” पुढे जिना चढताना श्वासाला सूं सूं आवाज येऊ लागला. विचारलं तर म्हणत, “जिना जुना झालाय.”

एका सुट्टीच्या सकाळी मात्र जिन्यावर ढकलण्याची सोय राहिली नाही. दोन-तीन दिवस सर्दी-खोकल्याने बेजार झालेले अण्णा टेबलाशी बसले होते. समोर चहा होता आणि त्यांनी कप उचललाच नव्हता. दोन्ही हात टेबलावर रोवून, मान पुढे काढून ते श्वास आत ओढत होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशातून करवत चालल्यासारखा आवाज येत होता. मास्तरणीने विचारलं, “अण्णा, काय होतंय?” त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्द फुटला नाही. त्यांनी नुसता हात हलवला. हात हलवताना त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. भोंगा मुका झाला होता.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. नवरा अंघोळीतून तसाच ओल्या डोक्याने बाहेर आला. सासूबाई मात्र गडबडल्या नाहीत. त्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बोलू नका. आज तरी बोलू नका.”

रुग्णालयात अण्णांना निम्मं बसतं करून पलंगावर ठेवलं. तपासण्या झाल्या, गळ्याचे फोटो निघाले. थोड्या वेळाने एक डॉक्टर बाहेर आली. बुटकी, चष्मा डोक्यावर सरकवलेली, बोलणं अगदी सरळ. ती भूल देणारी डॉक्टर होती. तिने तिघांना बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली.

“गाठ वाढून छातीकडे उतरली आहे,” ती म्हणाली. “तिने श्वासनळी दोन्ही बाजूंनी दाबली आहे. त्यात सर्दीची सूज. बोरूएवढी वाट उरली आहे. गाठ आजच काढायला हवी.”

“मग काढा ना,” नवरा म्हणाला.

“काढणारे सर्जन दुसऱ्या रुग्णालयात एका शस्त्रक्रियेत अडकलेत. तिथून निघून इथे पोचायला वेळ लागेल. ते शेजारी उभे असल्याशिवाय मी तुमच्या वडिलांच्या घशात नळी घालणार नाही. वाट इतकी अरुंद आहे की धक्का लागून सूज वाढली, तर उरलेली वाटही बंद होईल.”

“तोवर?” मास्तरणीने विचारलं.

“तोवर ते दमता कामा नयेत. खरी काळजी तीच आहे. फुप्फुसं चांगली आहेत, रक्तातला ऑक्सिजनही बरा आहे. पण तो एवढाएवढा श्वास ओढायला त्यांना जी ताकद लावावी लागते आहे ना, ती या वयात फार वेळ पुरत नाही.” डॉक्टर उठली. “मुलांच्या इमारतीतून एक सिलिंडर मागवलाय. हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण. बाळांचा घसा सुजतो तेव्हा आम्ही वापरतो.”

हेलियमचं नाव ऐकून नवरा ताडकन उभा राहिला. “फुग्यातला हेलियम? अहो, मग वाट कसली बघताय! कोपऱ्यावर फुगेवाल्याचं दुकान आहे. मी आत्ता सिलिंडर उचलून आणतो!”

“खाली बसा,” डॉक्टर म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण अण्णांच्या तालमीत वाढलेल्या मुलाला हुकूम कळतो. तो बसला. “फुग्याच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. दोन-चार श्वास घेतले की माणूस कोसळतो. गुदमरल्याचं कळतसुद्धा नाही. आमच्या मिश्रणात जेवढा लागतो तेवढा ऑक्सिजन मोजून घातलेला असतो. बाकीचा हेलियम.”

ती आत गेली. दार मिटलं, पण करवतीचा आवाज दाराबाहेरही येत होता. सासूबाई तो ऐकत बसल्या. मग त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला आणि सुनेला म्हणाल्या, “काहीतरी बोल बाई. नुसतं ऐकत बसवत नाही. तो गॅस काय करणार ते सांग.”

मास्तरणीने हा धडा वर्गात कितीदा तरी शिकवला होता. पण या बाकावर, त्या आवाजाशेजारी बसून सांगताना तिची जीभ जड झाली.

“तो काहीच करत नाही, आई. हीच त्याची खुबी आहे. ते एक घराणंच आहे. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. निष्क्रिय वायू म्हणतात त्यांना. कुणाशी सहसा जोडले जात नाहीत, जळत नाहीत, गंजत नाहीत. आपल्यात पूर्ण भरलेले. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही.”

“म्हणजे माझे धाकटे दीर,” सासूबाई म्हणाल्या.

मास्तरणीला हसू आलं आणि तिची जीभ सुटली. “तसंच समजा. हेलियम त्यांच्यातला सगळ्यात हलका. पुढचा प्रत्येक जण आधीच्याहून जड. निऑन जड, आर्गॉन त्याहून जड, आणि शेवटचा रेडॉन सगळ्यात जड. तो किरणोत्सारी आहे, त्याच्यापासून चार हात लांबच राहावं.”

“आर्गॉन तर आम्ही भरतो,” नवरा मध्येच म्हणाला. तो खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. दोन काचांच्या फटीत आर्गॉन भरला की थंडी आत येत नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. “तोही काही करत नाही. नुसता बसून राहतो काचेत.”

“तो बसून राहतो कारण तो जड आणि आळशी आहे, उष्णतासुद्धा पुढे ढकलत नाही. आणि म्हणूनच तो अण्णांच्या कामाचा नाही. हेलियमच्या दहापट जड आहे तो.” तिने सासूबाईंकडे वळून हातांनी दाखवलं. “हे बघा, आपण श्वासात घेतो त्या हवेत मुख्य भाग नायट्रोजनचा. तो काही फार जड नाही, पण बोरूएवढ्या नळीतून जोराने ओढला की त्याची नुसती घुसळण होते. अरुंद दारातून सगळा वर्ग एकदम बाहेर पडायला गेला की कसं होतं? तसं. त्या नायट्रोजनच्या जागी हेलियम घातला, तर तो इतका हलका की घुसळण कमी होते आणि श्वास सरळ आत जातो. ऑक्सिजनला तो बरोबर घेऊन जातो. आणि आत जाऊन काही करत नाही, रक्ताशी भांडत नाही. जसा गेला तसा बाहेर येतो.”

“पाहुणा असावा तर असा,” सासूबाई म्हणाल्या. पण डोळे दारावरच होते.

सिलिंडर आला. एक परिचारक तो चाकाच्या गाड्यावरून ढकलत घेऊन गेला. दार पुन्हा मिटलं.  मास्तरणीला एकाएकी भीती वाटली की तिने सांगितलं ते सगळं पाटीवरचं आहे, खऱ्या घशात तसं घडेलच कशावरून? खडूने काढलेली नळी आणि माणसाची नळी यांत फरक असणारच.  आतून करवत चालू होती. चालू होती. मग करवतीतला खरखरीत भाग गळला. नुसती सूं सूं उरली. मग तीही बारीक झाली, दाराबाहेर ऐकू येईनाशी झाली.

 नवऱ्याने मास्तरणीचा हात इतका घट्ट धरला की तिची बोटं दुखली.

दार उघडून डॉक्टरने मान बाहेर काढली. “या आत. बरे आहेत. पांघरूण वर ओढून ठेवा हं त्यांचं, या वायूने अंगातली ऊब लवकर जाते.”

अण्णा उशीला टेकले होते. टेकले होते! सकाळपासून पुढे वाकलेला माणूस पाठ टेकून बसला होता. तोंडावर पिशवी जोडलेला मुखवटा, कपाळावरचा घाम पुसलेला, आणि छाती सावकाश, कष्टाविना वरखाली होणारी. सासूबाई पलंगापाशी गेल्या आणि काही न बोलता त्यांनी पांघरूण त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढलं.

अण्णांनी खोलीवर नजर फिरवली. मुलगा विस्कटलेल्या केसांनी, उलटा स्वेटर घालून उभा होता. ते त्यांना बघवलं नसावं. त्यांनी श्वास भरून घेतला, भुवया जवळ आणल्या आणि हुकूम सोडला,

“स्वेटर सरळ घाल!”

आवाज निघाला तो मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. चिरका, पातळ, खेळण्यातल्या बदकासारखा.

खोलीत कुणी हललं नाही. अण्णांच्या भुवया तशाच अडकून राहिल्या. मग त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, जास्त जोर लावून. “मी काय म्हणतोय!” हे तर आणखी वरच्या पट्टीत गेलं.

पहिल्यांदा सासूबाई फुटल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना. त्या पलंगाच्या कठड्याला धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नवरा स्वेटर अर्धा काढून त्यातच तोंड खुपसून हसला. मास्तरीण “अण्णा, माफ करा, अहो तो हेलियममुळे... त्यात आवाज वेगाने धावतो म्हणून...” असं समजावू लागली आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तीही हसायला लागली. ते हसू अण्णांवरचं नव्हतं, सकाळपासून छातीत कोंडलेल्या श्वासाचं होतं.

अण्णा रागाने बघत राहिले. मग मुखवट्याच्या आत त्यांच्या गालांवर सुरकुत्या पडल्या. “हसा,” ते बदकाच्या आवाजात म्हणाले. “हसून घ्या.”

“थोडंच बोला,” डॉक्टर पडद्यावरचे आकडे बघत म्हणाली. “हा वायू रोग बरा करत नाही. सर्जन येईपर्यंत आपल्याला दम टिकवायचाय. पण निघालेत ते. वाटेत आहेत.” मग ती अण्णांकडे वळली. “गंमत सांगू का? याच घराण्यातला झेनॉन दिला तर माणूस झोपी जातो. भूल म्हणून वापरता येतो. पण तो फार महाग, त्यामुळे तुम्हाला साधीच भूल मिळेल.”

ती बाहेर गेली. हसणं ओसरलं. अण्णांनी पांघरुणाखालून हात काढला आणि बोटाने सुनेला जवळ बोलावलं.

“मास्तरीण.”

“काय अण्णा?”

“गाठ कापताना आवाजाची नस कापली जाते.”

त्या चिरक्या आवाजातही हे वाक्य ऐकून कुणाला हसू आलं नाही.

“क्वचित दुखावते,” ती म्हणाली. “प्रत्येकाची नाही.”

“आमच्या केंद्रातल्या साठेदाराची कापली गेली. नळ्यांचं कोठार सांभाळायचा तो.” अण्णा थांबून, श्वास घेऊन बोलत होते. “त्यालाही अशीच गाठ होती. पुढे जन्मभर कुजबुजत राहिला. चार माणसांत बसला की त्याचं कुणी ऐकायचं नाही. मधूनच उठून जायचा. मी बघितलंय.” त्यांनी नजर छताकडे नेली. “मला भीती वाटते. म्हणून दाखवली नाही गाठ.”

इतक्या वर्षांत मनातलं असं हे पहिलं वाक्य.  मास्तरणीने त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता. तिने दोन्ही तळव्यांत धरून तो चोळला.

“अहो,” सासूबाई दुसऱ्या बाजूने म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं, मी तुमचं ऐकते ते आवाज मोठा आहे म्हणून? ऐकायचं नसतं तेव्हा मी कधीच ऐकत नाही. एवढ्या वर्षांत लक्षात आलं नाही का तुमच्या?”

अण्णांनी बायकोकडे टक लावून पाहिलं. “नाही,” ते चिरकले.

“मग आता येऊ द्या. कुजबुजलात तरी जे ऐकायचं ते ऐकेन. आणि नाही ते नाहीच ऐकणार. पण तुम्ही हवेत समोर.” त्यांनी पांघरुणाचा कोपरा उगाच सारखा केला.

 अण्णांचा श्वास शांत चालला होता. मग त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. मुलाने घाईने स्वेटर सरळ करून गळ्याशी ओढला, पण अण्णा वेगळंच म्हणाले. “त्या मुलांच्या इमारतीत विचारून ये. हा सिलिंडर इकडे आणला तर तिकडे बाळांसाठी दुसरा आहे ना?”

मुलगा गेला आणि आहे म्हणून सांगत आला. अण्णांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

सर्जन आले तेव्हा त्यांचे केस टोपीने चपटे झाले होते आणि हातात अर्धं खाल्लेलं केळं होतं. त्यांनी केळं संपवलं, फोटो बघितले, अण्णांच्या गळ्यावर दोन बोटं फिरवली. “एवढी गाठ घेऊन तुम्ही हिंडत होतात?” अण्णा बदकाच्या आवाजात म्हणाले, “हो.” सर्जन अशा आवाजाला सरावलेले असावेत, त्यांचा चेहरा जराही हलला नाही. “दम कसा आहे?” “आहे.” “मग चला. शिल्लक आहे तोवर काम उरकू.”

अण्णा जागे असतानाच, घसा बधिर करून, बारीक दुर्बिणीवरून नळी आत सरकवायची आणि मगच भूल द्यायची, असं ठरलं. भुलीची डॉक्टर पलंगाबरोबर चालत गेली. शस्त्रक्रियेच्या दालनाचं दार मिटलं.

नंतरच्या तासांबद्दल मास्तरणीला पुढे फारसं काही आठवेना. नवरा बाहेर चकरा मारून आला. सासूबाई बाकावर ताठ बसून राहिल्या. एकदा मास्तरणीने त्यांना विचारलं, “आई, पाणी आणू?” त्या म्हणाल्या, “आण,” आणि आणलेलं पाणी प्यायच्या विसरून गेल्या.

गाठ निघाली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “दोन्ही नसा मी डोळ्यांनी बघितल्यात. शाबूत आहेत. पण नळी आज राहू दे, उद्या काढू. खरं काय ते तेव्हा कळेल.”

दुसऱ्या दिवशी नळी काढायच्या वेळी तिघांना काचेपलीकडे उभं केलं. अण्णा खोकले, थुंकले, त्यांनी पाणी मागण्याची खूण केली. श्वास आत गेला, बाहेर आला. श्वासाला आता कसलाच आवाज नव्हता. सर्जननी वाकून दुर्बिणीतून घशात बघितलं, मग सरळ होऊन काचेकडे वळले आणि दोन्ही हातांची बोटं उघडझाप करून दाखवली. दोन्ही स्वरपट्ट्या हलत होत्या.

त्यांना आत सोडलं. “काहीतरी बोला,” सर्जन म्हणाले.

अण्णांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. ओठ हलले. घोगरा, बसलेला, पण खालच्या पट्टीतला, माणसाचा, त्यांचा आवाज आला.

“तुम्ही जेवलात का?”

 मास्तरणीने नकारार्थी मान हलवली.

“जा मग,” अण्णा म्हणाले. “आधी जेवून या.”

हा हुकूम होता खरा. पण तो इतक्या हळू आला की तिघांनाही पुढे वाकून ऐकावा लागला, आणि तिघांनीही तो मुकाट पाळला. खाली उपाहारगृहात पाव, उकडलेली अंडी आणि चहा एवढंच उरलं होतं. मास्तरणीने आयुष्यात इतकं चवीने काही खाल्लं नसेल. तिने अंडी संपवली, नवऱ्याच्या ताटलीतलं एक उचललं, त्याने काही म्हणायच्या आत तोंडात टाकलं. त्याने आपला पाव अर्धा मोडून तिच्यापुढे सरकवला.

“आई, अजून एक चहा?” तिने विचारलं.

 कपाला हात लावलेल्या स्थितीतच सासूबाईंची मान सुनेच्या खांद्यावर कलली होती. त्या गाढ झोपल्या होत्या. मास्तरणीने हळूच त्यांच्या बोटांतून कप सोडवून बाजूला ठेवला आणि खांदा जरासा खाली घेतला, म्हणजे त्यांची मान अवघडणार नाही. नवरा काही बोलणार तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी ताटल्या गोळा करत होतं. बाहेर ऊन पडलं होतं. उठायची घाई नव्हती.